गव्हाचा दोष ओळखणारे डॉक्टर : विलेम डिके

सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले की डॉक्टर गहू बंद करायला सांगतात. हा सल्ला आज साधा वाटतो. पण एकेकाळी ही मुले जुलाबाने खंगत, पोट फुगे, वाढ खुंटे, काही दगावत; आणि कारण कोणालाच कळत नव्हते.

ते शोधणारे विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ मध्ये नेदरलँड्समधील डोर्ड्रेख्त येथे झाला. लायडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते बालरोगतज्ज्ञ झाले. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख बनले. गव्हावर त्यांचा संशय तेव्हापासूनच होता. १९४१ मध्ये त्यांनी गहूविरहित आहारावर लेखही लिहिला.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव दुर्मिळ झाला. त्या काळातील अनुभवाने डिके यांचा संशय आणखी पक्का झाला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. युद्धानंतर त्यांनी मुलांच्या आहारात एकेक धान्य देऊन-काढून पाहिले. व्हान द कामर यांनी शौचातील चरबी मोजण्याची पद्धत तयार केली होती. गहू किंवा राय दिल्यावर ही चरबी वाढे. तांदूळ, मका, बटाटा दिल्यावर वाढत नसे. १९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त येथे हा प्रबंध सादर केला. पुढे व्हेयर्स आणि व्हान द कामर यांच्यासह त्यांनी दाखवले की दोष गव्हातील स्टार्चचा नसून ग्लुटेनचा आहे. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी धडा

ग्लुटेन फक्त पोळी-पावात नसते. घरात पाळीव सरडा किंवा कासव असेल, तर त्याचे खाणेही तपासा:

- मीलवर्म अळ्या बहुधा गव्हाच्या कोंड्यात वाढवतात. तयार खाद्याच्या गोळ्यांतही गव्हाचे पीठ असू शकते.
- ग्लुटेन त्वचेतून शरीरात जात नाही. हातावरून किंवा उडालेल्या धुळीतून ते तोंडात जाऊन गिळले गेले, तर त्रास होतो.
- खाद्य शक्यतो घरातील दुसऱ्या व्यक्तीने घालावे. स्वतः घातल्यास हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने ग्लुटेन निघून जात नाही.
- खाद्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका.

पथ्य नीट पाळूनही त्रास सुरू राहिला, तर अशा वस्तूंची यादी करून आपल्या डॉक्टरांना दाखवा.