धाकट्या बहिणीचे कॉलेज

रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी यांचे नाव आपल्या मुलांच्या पुस्तकांत असते. १९०३ आणि १९११ सालची दोन नोबेल पारितोषिके मुले पाठ करतात. पण ही मुलगी कॉलेजात पोहोचली कशी, हे त्यांना कोणी विचारीत नाही. मी सातवी शिकलेली गृहिणी. शास्त्र मला कळत नाही. घरातली ओढाताण मात्र कळते. म्हणून मंडळाच्या या स्मरणिकेत तेवढाच भाग सांगते.

तिचे माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. घरी मान्या म्हणत. ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा शहरी तिचा जन्म झाला. पाच भावंडांतील ती शेंडेफळ. वडील गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. थोरली बहीण साथीच्या तापाने गेली, आणि १८७८ साली आई क्षयाने गेली. मान्या तेव्हा दहा वर्षांची होती.

१८८३ साली तिने सुवर्णपदक मिळवून शाळा संपवली. परंतु पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती, आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पॅरिसला तो मिळे, पण तिथला खर्च शिक्षकाच्या पगारात बसणारा नव्हता. दोन वर्षांनी मोठी असलेली बहीण ब्रोन्या, हिलाही डॉक्टर व्हायचे होते. दोघींनी मिळून ठरवले की आधी मोठीने जावे, धाकटीने कमावून पैसे पाठवावे, आणि मोठी शिकली की तिने धाकटीला न्यावे.

१८८६ च्या आरंभी मान्या दूरच्या खेड्यात एका श्रीमंत घरी मुलांना शिकवण्यासाठी राहावयास गेली. पगार वर्षाला ५०० रूबल. त्यातून ती ब्रोन्याला पैसे धाडी. रात्री स्वतः गणित करी आणि शेतकऱ्यांच्या मुलांना लिहावयास शिकवी.

पुढे १८८८ साली वडिलांना जास्त पगाराची जागा मिळाली. ते ब्रोन्याला दरमहा ४० रूबल पाठवू लागले. तेव्हा ब्रोन्याने काय केले पाहा. धाकटीकडून पैसे घेणे थांबवले, आणि आपल्या ४० तून ८ रूबल मान्याच्या नावे बाजूला ठेवण्यास वडिलांना सांगितले. स्वतः परक्या गावी काटकसर करीत असता तिने धाकटीच्या फीची सोय सुरू केली!

१८९० साली ब्रोन्याने तिला पॅरिसला बोलावले. मान्याचा पाय निघेना. म्हाताऱ्या वडिलांना सोडून कसे जावे? पण ब्रोन्याने आग्रह सोडला नाही. अखेर १८९१ च्या शरदऋतूत मान्या निघाली. गादी, चादरी मालगाडीने पुढे पाठवल्या. जर्मनीतून चौथ्या वर्गाच्या डब्यातून जायचे, म्हणून घडीची खुर्ची सोबत घेतली. नोव्हेंबरात सोरबॉनमध्ये तिचे नाव दाखल झाले. पहिले काही महिने ती ब्रोन्याच्याच घरी राहिली. १८९३ साली भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ती पहिली आली, १८९४ साली गणितात दुसरी. मिळालेली ६०० रूबलची शिष्यवृत्तीही पुढे तिने परत केली, दुसऱ्या कुणा मुलीला उपयोगी पडावी म्हणून.

१९३२ साली वॉर्साची रेडियम संस्था उघडली, तीही दोघी बहिणींच्या खटपटीने. १९३४ साली मेरी गेली.

आपल्याकडे थोरल्याची फी भरता भरता हात रिकामा होतो, आणि धाकटीच्या वेळी बारावी पुष्कळ झाली असे म्हणतात. माझेही शिक्षण भावाच्या शिक्षणापायी सातवीला थांबले. त्या वेळी कोणी माझ्यासाठी काही बाजूला ठेवले नव्हते. आता माझी धाकटी बारावीत आहे. तिच्या दादाला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारापासून तिच्या नावे एक खाते मी त्याच्याकडून उघडवले. अर्जांच्या तारखा दोघांनी मिळून कॅलेंडरवर लिहिल्या आहेत. मैत्रिणींनो, धाकटीचे आठ रूबल आधीच बाजूला काढा.