कुमार गंधर्व आणि देवासची मौनाची वर्षे

माळव्यातील धार आणि देवास ही पवार घराण्याची ठिकाणे. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल नर्मदेपलीकडे स्थिर झाला, तेव्हा पवारांच्या मागोमाग मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कीर्तन व गाणेही गेले. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या. गाव एक, पण राजे दोन. ही संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. त्याच वर्षी ३० जानेवारीस तेवीस वर्षांचा एक क्षयग्रस्त गवई आपल्या पत्नीसह देवासला राहावयास आला. दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, तो हाच दिवस होय.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. कुमार गंधर्व ही पदवी त्यांना बालवयातच कर्नाटकातील एका लिंगायत मठाच्या स्वामींनी दिली, आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात आणि त्या हुबेहूब गाऊन दाखवाव्यात, ही या मुलाची विद्या. सभा थक्क होत असत. परंतु त्या गाण्यातील श्वास, थांबे आणि हरकती इतरांच्या होत्या. दुसऱ्याचा सरून गेलेला क्षण तो बालक पुन्हा उभा करीत असे, इतकेच. १९३६ पासून मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यापाशी त्यांचे रीतसर शिक्षण झाले. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि लवकरच क्षयाचे निदान झाले.

त्या काळी क्षयावर विश्रांती, कोरडी हवा आणि सकस आहार यांपलीकडे फारसा उपाय नव्हता. माळव्याची हवा मानवेल या आशेने देवास निवडले गेले. गाण्यास सक्त मनाई झाली. ज्याचे नाव देशभर झाले होते, त्याच्यापुढे आता फक्त दिवस होता, आणि त्या दिवसात करावयाचे असे काहीच नव्हते. अशा वेळी मन एक तर मागे धावते किंवा पुढे. मागे गाजलेल्या मैफली होत्या. पुढे काय आहे, हे वैद्यांसही सांगता येत नव्हते.

कुमारांनी कान उघडे ठेवले. गळा बंद असला तरी ऐकण्यास मनाई नव्हती. माळव्यातील बायका लग्नात, पावसाळ्यात, मूल जन्मल्यावर गात असतात. भाद्रपदातील पितृपक्षात मुली भिंतीवर संजा रेखून गाणी म्हणतात. ही गीते चार-पाच स्वरांत फिरतात. गाणारीस रागाचे नाव ठाऊक नसते, आणि आपण कोणासाठी गातो याचीही तिला चिंता नसते. त्या वेळेचे गाणे त्या वेळेस ती म्हणते. शय्येवर पडल्या पडल्या कुमार या धुना ऐकत गेले, पुढे त्या टिपून घेऊ लागले. रागांचे मूळ अशाच धुनांत आहे, हा त्यांचा सिद्धांत याच श्रवणातून उगवला. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडली तीही याच गावी. त्या गाण्यातील सडेपणा आणि स्वर फेकण्याची रीत त्यांनी मनात धरून ठेवली.

रोगाने कलावंत घडविला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. त्या वर्षांत भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालविले आणि शुश्रूषाही केली. त्यांच्या दिवसाला विश्रांती नव्हती. त्या मौनाचे मोल खरे तर त्यांनी चुकविले. पुढे १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागले, आणि रोग हटला तो त्यामुळे.

१९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस निकामी झाले होते. दीर्घ दमसासाचे पूर्वीचे गाणे परत मिळविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. हाती असलेल्या श्वासात जेवढे मावेल तेवढेच, पण पूर्ण, असे ते गाऊ लागले: स्वराचा आखूड, नेमका तुकडा, मग थांबणे, आणि त्या थांबण्यातही सूर चालूच असल्याचा भास. जुन्या रसिकांपैकी अनेकांना हे रुचले नाही. परंपरा मोडली असा आक्षेप त्यांच्यावर अखेरपर्यंत होत राहिला. त्यांनी मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे धुनउगम राग मांडले, ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले, आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गांधीजींच्या जन्मशताब्दीस त्यांनी गांधी मल्हार रचला.

१९६१ मध्ये दुसऱ्या पुत्राच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई निवर्तल्या. पुढच्या वर्षी शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला, आणि मैफलीतही त्या त्यांच्या सहगायिका झाल्या. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान आले. मुंबई-पुण्याची बोलावणी होत राहिली, तरी मुक्काम देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ‘भानुकुल’ या घरीच राहिला. हवापालटासाठी म्हणून जेथे आले होते, त्या गावी ते जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे राहिले. १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.