गीझरवाला बन्सेन

घरचा इलेक्ट्रिक गीझर काढून गॅसचा बसवला, की आपण रॉबर्ट बन्सेनच्या दारी जातो. जन्म १८११, जर्मनीतला. आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना स्फोटात उजवा डोळा गेला, तरी गडी थांबला नाही. १८४६ मध्ये आइसलँडला जाऊन उकळत्या कारंज्याच्या नळीत त्याने चक्क थर्मामीटर सोडला! ते कारंजं म्हणजे 'गेसिर'. गीझर हे नाव तिथलंच. खोलवर दाबामुळे पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. वर सरकलं, दाब घटला, की वाफ होऊन उसळतं. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गला त्याने डेसागा या मेकॅनिककडून बर्नर करून घेतला. जळण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळायची, म्हणजे काजळी नाही आणि आच कडक. गॅस गीझरमध्ये आजही हेच. हवा कमी पडली तर मात्र कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणून बंद बाथरूममध्ये तो नकोच. बन्सेनने पेटंट घेतलं नाही. लग्नही केलं नाही. १८९९ मध्ये हायडेलबर्गलाच गेला.