भुईमुगाच्या तेलावरचे इंजिन

आसगावला आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते. रोवणीच्या दिवसांत पावसाने दडी मारली की रात्रभर त्याची धडधड ऐकू यायची. वडील डब्यात काडी बुडवून उरलेले डिझेल मोजत. डिझेल हे एका माणसाचे नाव आहे, हे मला पुढे बँकेत लागल्यावर कळले.

रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला. आईवडील जर्मन वंशाचे. वडील चामड्याच्या वस्तू करीत. १८७० च्या युद्धात कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत नातलगांकडे धाडले गेले. पुढे म्युनिकला शिकताना एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वाया घालवते आणि ते परवडते फक्त बड्या कारखानदाराला. मग लहान कारागिराने काय करायचे?

हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावे, ठिणगी नको, ही त्याची युक्ती. १८९३ च्या चाचणीत स्फोट झाला, जीव थोडक्यात वाचला. १८९७ मध्ये इंजिन जमले आणि उष्णतेचा चौथा हिस्सा कामी लागला.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवले गेले. आफ्रिकेतल्या वसाहतींना स्वतःच्या पिकातून शक्ती मिळावी, हा फ्रेंच सरकारचा विचार. इंजिन इतके सुरळीत चालले की बघ्यांना काही वेगळे जाणवलेच नाही! डिझेलने मात्र हे लक्षात ठेवले. १९१२ मध्ये तो वनस्पती तेलाच्या भवितव्याविषयी जाहीरपणे बोलला. पण खनिज तेल स्वस्त होते. जगाने तेच भरले.

माझ्यातला बँकवाला थबकतो तो त्याच्या हिशेबापाशी. पेटंटचा पैसा चुकीच्या व्यवहारांत बुडाला, कर्ज वाढले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले. आत्महत्या की आणखी काही, हे कधीच ठरले नाही. त्याच्या इंजिनाचे मालट्रक रस्त्यावर आले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी.

आपल्याकडे २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळायचे ठरले होते. भिस्त होती मोगली एरंडावर, म्हणजे जट्रोफावर. ते साधले नाही. २०१८ च्या धोरणात डिझेलसाठी २०३० पर्यंत पाचच टक्के धरले आहेत. पेट्रोलचे निराळे: उसाची मळी, मका आणि आमच्या धानाची कणीसुद्धा इथेनॉलला जाऊ लागली आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा पल्ला गाठला गेला. इंजिनाची अडचण फारशी नव्हतीच. बी किती येईल आणि कोण कोणत्या भावाने घेईल, हे डिझेललाही कुणी सांगितले नव्हते आणि मलाही नाही.

मी मात्र त्या काळात एका शेतकऱ्याचे जट्रोफाचे कर्ज मंजूर केले होते. कागदावर उत्पन्न झकास दिसत होते. बी आले मूठभर, घ्यायला कुणी आले नाही. त्याने कर्ज धान विकून फेडले. झाडे अजून बांधावर आहेत. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण बरे होते, असे तो मला भेटला की हसून सांगतो.