शिरोड्याचे नाव जगाच्या प्रसूतिगृहांत नेणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

फोंडा तालुक्यातील शिरोडा हे गाव गोमंतकीयांना ठाऊक आहे ते श्री कामाक्षी देवस्थानामुळे. परंतु या गावाचे नाव दररोज जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे आणखी एका कारणाने उच्चारले जाते. लंडन, मेलबर्न किंवा शिकागो येथील एखाद्या रुग्णालयात चौथ्या महिन्यातील गर्भवती शस्त्रक्रियेच्या मेजावर असते, तिची आधीची बाळंतपणे अर्ध्यावरच संपलेली असतात आणि तिच्या कागदपत्रांवर शस्त्रक्रियेच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला असतो : शिरोडकर. हा शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरला बहुधा ठाऊक नसते की त्याचा अर्थ केवळ ‘शिरोडा गावचा’ एवढाच आहे.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी शिरोडा येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. पणजीला वैद्यकीय शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. तेथील वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून चालू होते. मात्र तेथील शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीज होते आणि १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येईपर्यंत गोव्यातील हिंदूंना सार्वजनिक जीवनात समान हक्क नव्हते. नव्या काबिजादीतील अनेक कुटुंबांनी म्हणूनच मुलांच्या शिक्षणासाठी घाटापलीकडची वाट धरली. शिरोडकरांचे शालेय शिक्षण हुबळीत झाले आणि पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, म्हणजे आपले जे. जे., ही दोन्ही १८४५ पासूनची. प्लेगने मुंबई हादरली असता वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगविरोधी लशीचे काम सुरू केले ते याच महाविद्यालयाच्या आवारात. रुग्णालय आणि विद्यालय एकाच छपराखाली असले की एक गोष्ट आपोआप घडते. खाटेवरचा रुग्ण हा केवळ उपचाराचा विषय राहत नाही, तो प्रश्नही होतो. एकासारखे दुसरे, दुसऱ्यासारखे तिसरे दुखणे समोर आले की अध्यापकाला विद्यार्थ्यांपुढे त्याचे कारण मांडावे लागते आणि कारण ठाऊक नसेल तर ते शोधावे लागते. शिरोडकर घडले ते या वातावरणात. १९२३ साली त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयांत एम. डी. केले आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये एफ. आर. सी. एस. ही शल्यचिकित्सेतील पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर पुढे ते ग्रँट महाविद्यालयातच मानद प्राध्यापक झाले.

ज्या प्रश्नाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले तो प्रश्न प्रत्येक गावाला ठाऊक होता, पण त्याला नाव नव्हते. काही स्त्रियांना दिवस राहतात, पहिले तीन महिने सुखरूप जातात, बाळाची हालचाल जाणवू लागते आणि चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, फारशा वेणाही न येता, गर्भ निसटून जातो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. बाळ सुदृढ असते, पण जगण्याजोगे दिवस भरलेले नसतात. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला नवससायास, अंगारे आणि उपास तर येतच, शिवाय तिच्या पायगुणाची चर्चाही येई. घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होत. ज्या गोष्टीत तिचा काडीचाही दोष नव्हता तिची शिक्षा ती भोगत राही.

वैद्यकशास्त्राकडे तरी काय होते? अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला आणि संप्रेरके. १९४० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून सर्रास दिले जाई. १९५३ साली शिकागो येथील नियंत्रित चाचणीत त्याचा काहीच उपयोग नसल्याचे दिसले, तरीही ते पुढे अनेक वर्षे दिले गेले. ज्यांच्या मातांनी ते घेतले होते त्या मुलींमध्ये तरुणपणी एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळतो, हे बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ साली उघड केले, तेव्हा कोठे डोळे उघडले. सारांश, निदान न करता सर्वांना एकच औषध देण्याचा तो काळ होता.

शिरोडकरांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी आधी कारण शोधले. गर्भाशय हे पिशवीसारखे आणि त्याचे मुख हे त्या पिशवीच्या आवळलेल्या तोंडासारखे असते. नऊ महिने हे तोंड घट्ट मिटलेले राहिले पाहिजे. ज्या स्त्रियांचा गर्भ दर खेपेला मधल्या महिन्यांत निसटतो, त्यांच्यापैकी काहींमध्ये या तोंडाचा आतला भागच दुबळा असावा, गर्भाचे वजन वाढू लागताच तो हळूहळू उघडत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्या वेळी गर्भारपणात सोनोग्राफी नव्हती. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा त्यासंबंधीचा पहिला मोठा निबंध १९५८ सालचा. शिरोडकरांपाशी होती ती बोटांची जाण आणि चिकाटी. त्याच स्त्रीला ते पुन्हा पुन्हा तपासत आणि गर्भाशयमुख खरोखरच सैल पडत चालले आहे याची खात्री झाली तरच शस्त्रक्रियेचा विचार करीत. सरसकट प्रत्येक गर्भपात होणाऱ्या स्त्रीवर आपला उपाय चालवायचा नाही, ही मर्यादा त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. त्यांच्या कार्यातील ही सर्वांत मोलाची गोष्ट होय आणि तिचे महत्त्व जगाला फार उशिरा कळले.

उपाय वरवर पाहता साधा वाटतो. पिशवीचे तोंड सैल असेल तर ते नाडीने आवळावे. पण गर्भवतीच्या शरीरात, गर्भाला धक्का न लावता, नेमक्या उंचीवर ती नाडी बसवणे हे कौशल्याचे काम होते. शिरोडकर योनिमार्गाने गर्भाशयमुखापर्यंत पोहोचत. पुढच्या बाजूने छेद घेऊन मूत्राशय अलगद वर सारत, मागच्या बाजूलाही छेद घेत आणि वाकड्या, बोथट सुईने श्लेष्मल त्वचेखालून एक पट्टी आतल्या तोंडाभोवती फिरवून बांधत. मूत्राशय वर सारल्यामुळे ही पट्टी जितकी वर बसे तितकी एरवी बसली नसती. पट्टीसाठी त्यांनी प्रारंभी वापरली ती त्याच स्त्रीच्या मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंवर असणाऱ्या चिवट आवरणाची चिंचोळी पट्टी. शरीराने परके म्हणून नाकारू नये आणि नऊ महिन्यांचा ताण सोसूनही तुटू नये, असे दोन्ही गुण तिच्यात होते. कृत्रिम धाग्यांच्या पट्ट्या पुढे आल्या. दिवस भरत आले की टाका काढून नैसर्गिक प्रसूती होऊ द्यायची, किंवा तो तसाच ठेवून शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढायचे, असे दोन्ही मार्ग खुले राहिले.

१९५५ साली शिरोडकरांनी या पद्धतीविषयी सविस्तर निबंध लिहिला. तो प्रसिद्ध झाला तो लंडन वा न्यूयॉर्कच्या नव्हे, तर मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात. डॉ. यू. रामराव यांनी १९०४ साली सुरू केलेले हे मासिक भारतीय डॉक्टरांचे हक्काचे व्यासपीठ होते. तरीही हा निबंध समुद्रापार गेला. गर्भाशयमुखाच्या दुबळेपणाची कल्पना अगदीच नवी नव्हती. पॅरिसमध्ये १९४८ साली पामर व लाकोम यांनी आणि अमेरिकेत १९५० साली लॅश यांनी त्यावर शस्त्रक्रिया सुचवल्या होत्या. पण त्या गर्भ राहण्यापूर्वी करावयाच्या दुरुस्त्या होत्या. गर्भ राहिलेला असतानाच तोंड बांधून तो वाचवण्याची पद्धत प्रसूतिशास्त्रात रूढ झाली ती शिरोडकरांमुळे. दोनच वर्षांनी, १९५७ साली, मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशयाला हात न लावता बटव्याच्या दोरीसारखा टाका घालण्याची सोपी रीत मांडली. सोपी म्हणून आज ती अधिक वापरली जाते. टाका जास्त उंचीवर बसवण्याची गरज असते तेथे शिरोडकरांची रीत आजही निवडली जाते.

यशस्वी उपायाच्या नशिबी अतिवापरही येतो. पुढच्या दोन दशकांत, निदानाची शिरोडकरांनी पाळलेली शिस्त बाजूला राहून, शंका आली की टाका घालावा अशी वृत्ती अनेक ठिकाणी वाढली. टाक्यालाही धोके असतात. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणमोट फुटू शकते. मग हा उपाय खरोखर किती जणींना उपयोगी पडतो, असा रास्त प्रश्न उभा राहिला. शिरोडकरांच्या निबंधात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्या काळातील बहुतेक शस्त्रक्रियांचे तसेच असे. अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या राजविद्यालयाने मिळून १२ देशांतील १,२९२ स्त्रियांची चाचणी घेतली. ज्यांना टाका द्यावा की देऊ नये याविषयी डॉक्टरांच्याच मनात संदेह होता, अशा स्त्रियांचे यदृच्छेने दोन गट पाडण्यात आले. १९९३ साली अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेहतीस आठवड्यांपूर्वी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के होते. म्हणजे साधारण २५ जणींना टाका घातला तेव्हा एकीची अवेळी प्रसूती टळली. लाभ होता, पण माफक.

मात्र याच आकड्यांत दुसरी एक गोष्ट होती. ज्यांची तीन किंवा अधिक बाळंतपणे अपुऱ्या दिवसांत संपली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्याहूनही कमी. वारंवार गर्भ गमावलेल्या ज्या स्त्रियांसाठी शिरोडकरांनी हा उपाय योजला होता, त्यांनाच तो सर्वाधिक उपयोगी ठरला. जे. जे.च्या अध्यापकाने बोटांनी तपासून आखलेली मर्यादा सुमारे चार दशकांनी आकड्यांनी खरी ठरवली.

टाक्यामुळे त्यांचे इतर कार्य झाकोळले गेले, पण तेही त्याच तोलाचे होते. लहान वयातील आणि लागोपाठची बाळंतपणे, त्यानंतर लगेच शेताभाताची कष्टाची कामे यांमुळे आपल्याकडे तरुणपणीच अंग बाहेर येण्याचा त्रास अनेक स्त्रियांना होई. मँचेस्टरमध्ये रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा काही भाग कापला जाई. त्याने त्रास थांबे, पण पुढे दिवस राहिले तर गर्भ टिकण्याची शाश्वती कमी होई. शिरोडकरांनी मुख न कापता, गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंधच पुढे वळवून आधार देण्याची सुधारणा केली. ज्यांना अजून मूल व्हायचे आहे त्यांच्यासाठी गर्भाशय पट्टीच्या झोळीने माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी सिद्ध केली. बंद पडलेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांचा हातखंडा होता आणि त्यासाठी त्यांनी योजलेला चिमटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या सर्व कामांमागे एकच सूत्र दिसते : स्त्रीचा त्रास दूर करावा, पण तिची मातृत्वाची शक्यता हिरावून घेऊ नये. दुसरीकडे, मूल केव्हा व किती हवे हेही तिच्या हाती असावे म्हणून भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या संस्थापक सदस्यांत ते होते.

१९६० साली त्यांच्या शस्त्रक्रियांचे सचित्र विवेचन करणारा इंग्रजी ग्रंथ एडिनबरोहून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्या दिवशी त्यांचे जन्मगाव मात्र अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, हा इतिहासाचा विचित्र योग. गोवा मुक्त झाला तो पुढच्या वर्षी. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

आज ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय असो, मुंबईचे जे. जे. असो वा बांबोळीचे आपले गोमेकॉ, अध्यापनाच्या रुग्णालयांतून दुर्मीळ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध होत असतात. त्यांतील बहुतेक काळाच्या ओघात विसरल्या जातात. एखादीच नोंद जगभराची रीत होते. शिरोडकरांची नोंद तशी झाली, कारण ज्या दुःखाला सारा समाज नशीब म्हणत होता त्याकडे त्यांनी तपासता येण्याजोगे दुखणे म्हणून पाहिले, आणि उपाय सापडल्यावरही तो कोणाला द्यायचा नाही याचा विचार सोडला नाही. आता सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पंचवीस मिलिमीटरपेक्षा ती कमी भरली की डॉक्टर सावध होतात. साधने बदलली, पण तपासणीची खोली तीच आहे आणि प्रश्नही तोच. पाचव्या महिन्यात रिकाम्या हाताने घरी परतलेली एखादी गोमंतकीय लेक जेव्हा पुढच्या खेपेला टाका घालून घेते आणि भरल्या ओटीने माहेरी येते, तेव्हा झुआरीकाठच्या एका गावाचे ऋण तिच्याही नकळत तिच्या कुशीत असते.