समजून घ्या : ऊन पडल्यावर बर्फ जास्त धोकादायक का होतो? मॅलरींच्या मोहिमेत सात जणांनी मोजलेली किंमत

देवनार : एप्रिल-मेच्या सुट्टीत मुंबईकर हिमाचल, उत्तराखंडच्या ट्रेकला निघतात. आकाश निरभ्र आणि ऊन लख्ख असले की धोका टळला असे वाटते. एव्हरेस्टवीर जॉर्ज मॅलरी यांचाही एकदा असाच अंदाज चुकला होता.

कोण होते मॅलरी?
१८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील मॉबर्ली येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये इतिहास शिकून ते शाळेत शिक्षक झाले. १९१४ मध्ये रूथ टर्नर यांच्याशी विवाह झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२१, १९२२ आणि १९२४ अशा एव्हरेस्टच्या पहिल्या तिन्ही ब्रिटिश मोहिमांत ते सहभागी झाले.

७ जून १९२२ रोजी काय घडले?
त्याआधी २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोहोचले होते. जूनमध्ये आणखी एक प्रयत्न ठरला. मोठी हिमवृष्टी झाली, मग ऊन पडले. बर्फ बसला असेल, असे मानून मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड १४ भारवाहकांसह नॉर्थ कोलच्या उतारावर चढू लागले. दुपारी दीडच्या सुमारास उतार सुटला. पुढच्या दोरावरचे तिघे ब्रिटिश वाचले. मागचे नऊ भारवाहक हिमकड्यावरून खाली फेकले गेले. त्यातील सात जणांचा मृत्यू झाला. मॅलरी यांनी स्वतःला दोष दिला.

यामागचे विज्ञान काय?
ताज्या बर्फाचा थर खालच्या कठीण थराला लगेच चिकटत नाही. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसांच्या वजनानेही तो सुटू शकतो. वसंतात आणखी एक कारण असते. उन्हाने वितळलेले पाणी थरांत झिरपते आणि कणांमधील पकड सैल होते. रात्री थंडीने बर्फ पुन्हा घट्ट होतो. रात्र ढगाळ आणि उबदार गेली तर तोही आधार राहत नाही.

पुढे काय झाले?
१९२४ मध्ये मॅलरी लिव्हरपूलहून जहाजाने मुंबईत उतरले आणि तिसऱ्यांदा एव्हरेस्टकडे गेले. ८ जून रोजी ते अँड्र्यू आयर्विन यांच्यासह शिखराकडे जाताना दिसेनासे झाले. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. १ मे १९९९ रोजी त्यांचा मृतदेह सापडला. ते शिखरावर पोहोचले होते का, याचे उत्तर आजही मिळालेले नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?
• बर्फाचे उतार पहाटे, बर्फ कडक असताना पार करा.
• मोठ्या हिमवृष्टीनंतर किमान एक-दोन दिवस थांबा. ऊन पडले म्हणून घाई करू नका.
• पाय घोट्याच्या वर रुतू लागले, उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले तर मागे फिरा.
• गाइड किंवा भारवाहक नको म्हणाला, तर त्याचे ऐका. १९२२ मध्ये निर्णय पुढच्या दोरावर झाला होता, जीव मागच्या दोरांवरचे गेले.