नातू की तोतया? साताऱ्याच्या रामराजांची गोष्ट

कास्ट व्हॅलिडिटीसाठी वंशावळ जुळवताना आपली किती दमछाक होते! पणजोबांचा दाखला, कोतवाल पंजीची नक्कल, वर शपथपत्र. साताऱ्याच्या गादीवर मात्र असे एक छत्रपती बसले, ज्यांच्या जन्माची मुख्य साक्षीदार एकच होती. आणि तिने दोनदा, दोन उलट शपथा घेतल्या.

ते छत्रपती म्हणजे रामराजा, आणि साक्षीदार महाराणी ताराबाई. १७१४ मध्ये सवत राजसबाईने ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना पन्हाळ्यावर कैद केलं. शिवाजी १७२६ मध्ये कैदेतच वारले. त्यांच्यामागे जन्मलेलं बाळ जिवाच्या भीतीने आपण गुपचूप बाहेर काढलं, असं ताराबाईंनी पुढे सांगितलं. शाहू महाराजांना मुलगा उरला नव्हता. त्यांनी हा वारस मान्य केला. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि जानेवारी १७५० मध्ये तेवीस वर्षांचे रामराजा गादीवर बसले.

शंका घेतली ती आपल्याकडच्या माणसाने. नागपूरकर रघुजी भोसल्यांनी अट घातली, की ताराबाईंनी भाऊबंदांसमोर या मुलासोबत जेवावं आणि त्याच अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचं सांगावं. ताराबाईंनी तसं केलं, रघुजींचं समाधान झालं.

पण वर्षही सरलं नाही. पेशव्यांना काढून टाका, हा ताराबाईंचा हट्ट रामराजांनी मानला नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये आजीने नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तिने शपथ घेतली, की हा आपला नातू नाही, गोंधळ्याचा मुलगा आहे.

मग खरं काय मानायचं? अशा वेळी आधी बघायचं, बोलणाऱ्याचा फायदा कशात आहे. इथे दोन्ही वेळा फायदा ताराबाईंचाच. पहिल्या शपथेने सत्ता हाती येणार होती, दुसरीने न ऐकणारा राजा बाद होणार होता. त्यामुळे बाकीचे कसे वागले, ते बघावं लागतं. जेजुरीच्या शपथेनंतरही पेशव्यांनी रामराजांना गादीवरून काढलं नाही. १७६१ मध्ये माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हाही छत्रपती तेच होते, आणि तेही कैदेत! यातून रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. कळतं ते एवढंच, की कारभार चालवायला छत्रपतींचं नाव लागत होतं.

१७६१ च्या डिसेंबरात ताराबाई वारल्या. पुढे माधवरावांनी रामराजांवरचे निर्बंध सैल केले, पण सत्ता पुण्यातच राहिली. रामराजांना मुलगा नव्हता. १७७७ मध्ये त्यांनी वावीच्या भोसले घराण्यातला मुलगा दत्तक घेतला आणि त्याच डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला. तो मुलगा दुसरे शाहू म्हणून गादीवर बसला. त्याच्या वेळी आईबाप कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. शपथ कोणाला घ्यावी लागली नाही.